लाल गळ लावूनही मासा लागत नाही? आधी हे तपासा

नवरात्र संपता संपता खाडीचं पाणी निवळायला लागतं आणि गरवायला जाणाऱ्यांचे तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. लाल गळ घेऊ की काळा? खाडीला हिरवा चालतो का? शेजारच्या खडकावर बसलेल्याला लाल गळावर तांबोशी लागली, त्याच पाकिटातला गळ मी लावला तर आमिष तेवढं कुरतडलं गेलं, असं का? कोणी सोनेरी सुचवतो, कोणी अंधारात चमकणारा. दुकानातही रंगीत पाकिटं पुढच्या खिळ्याला टांगलेली असतात आणि साधे गळ मागच्या डब्यात, मागितले तरच निघतात.

उत्तर आधीच सांगतो, कारण त्यासाठी खाली किती वाचावं लागेल या विचाराने निम्मे लोक निघून जातात. आमिष लावून तळाला सोडलेल्या गळाच्या रंगाने जवळपास काहीच फरक पडत नाही. गळ स्वतःच आमिषाचं काम करत असेल, म्हणजे पिसं बांधलेली माळ किंवा प्लॅस्टिकचा बनावट मासा असेल, तर थोडा पडू शकतो. आणि मासा लागत नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा टोक, आकार, आमिष किंवा पाण्याची वेळ यांपैकी एक असतं.

आता कारणं.

पाकिटावर काय लिहिलेलं असतं

लाल गळाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, लाल रंग रक्तासारखा दिसतो, जखमी भक्ष्य समजून मासा धावून येतो. दोन, लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी नाहीसा होतो, म्हणून गळ माशाला दिसतच नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून एका दमात ऐकायला मिळतात आणि ऐकणारा मान डोलवतो. पण दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असतील? गळ दिसत असेल तर तो लपलेला नाही, आणि लपलेला असेल तर रक्त कोणाला दिसलं?

याच्या उलट बाजूचे लोक म्हणतात, मासे रंगांधळेच असतात, सोडा हा विषय. तेही खरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाद जर्मनीत चांगलाच रंगला होता. म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस मासे रंगांधळे आहेत असं ठामपणे सांगत होते. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने छोट्या माशांना ठरावीक रंगाशी खाणं जोडून शिकवलं आणि ते रंग ओळखतात हे दाखवून दिलं. हेच फ्रिश पुढे मधमाश्यांच्या नाचासाठी प्रसिद्ध झाले आणि 1973 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा उथळ पाण्यात दिवसा वावरणाऱ्या पुष्कळ माशांना रंग दिसतात, हे नक्की. सगळ्यांना सारखे दिसत नाहीत, हेही तितकंच नक्की. अभ्यास झालेल्या अनेक मोरींच्या (शार्क माशांच्या) डोळ्यांत रंगाचं काम करणाऱ्या पेशींचा एकच प्रकार सापडला आहे, आणि एकाच प्रकारावर रंग वेगळे ओळखता येत नाहीत. माकलाचंही (स्क्विडचंही) तसंच. बहुतेक माकलांच्या डोळ्यांत एकच रंगद्रव्य असतं, तरीही माकलासाठीचे बनावट कोळंबीचे गळ गुलाबी, नारिंगी, पोपटी अशा डझनभर रंगांत विकले जातात. माकूल उजेड आणि सावलीतला फरक फार बारीक टिपतं, त्यामुळे गडद की फिकट याला तिथे अर्थ आहे. गुलाबी की नारिंगी, हे दुकानात उभ्या असलेल्या आपल्यासाठी.

म्हणजे माशाला रंग दिसतो की नाही, यापेक्षा तुम्ही बसता तिथल्या पाण्यात गळापर्यंत कोणता उजेड पोचतो, हे विचारायला हवं.

पाण्यात लाल रंगाचं काय होतं

स्वच्छ समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात लवकर शोषला जातो. ठसठशीत लाल रंगाचा, म्हणजे 650 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश घेतला तर दर मीटरला त्याचा साधारण 30 टक्के भाग कमी होतो. पाच मीटरवर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि दहा मीटरवर तीन-चार टक्के. निळा प्रकाश मात्र त्याच पाण्यात कितीतरी खोल जातो. तारकर्ली-मालवणला पाण्याखाली उतरलेल्यांनी हे पाहिलं असेल: वर लालभडक दिसणारी वस्तू खाली गेल्यावर मळकट तपकिरी होते. खोल पाण्यात पाणबुड्यांना स्वतःचं रक्तसुद्धा हिरवट-काळपट दिसतं. मग रक्ताच्या रंगाचा गळ घेऊन दहा वाव, म्हणजे अठरा मीटर पाण्यात सोडण्याला काय अर्थ उरतो?

पण लाल रंग गेला म्हणजे गळ अदृश्य झाला, असंही नाही. लोखंड तिथेच असतं, फक्त ते काळपट करडं दिसतं. खालून वर बघणाऱ्या माशाला तर उजळ पृष्ठभागासमोर कुठल्याही रंगाचा गळ काळाच दिसतो. लाल, हिरवा, सोनेरी, सगळ्यांची सावली एकच.

खाडीत मात्र हे गणित फिरतं, आणि लाल रंगावरच्या चर्चेत हा भाग बहुधा सुटतो. कांदळवनाचा कुजलेला पाला, नदीबरोबर आलेली माती, गाळ यांनी पाण्याला चहासारखी झाक येते. असं पाणी निळा आणि जांभळा प्रकाश आधी खातं. वरच्या हात-दोन हात पाण्यात पिवळा, नारिंगी, थोडा लालच जास्त उरतो. म्हणजे 'लाल आधी जातो' हा नियम निवळशंख समुद्राचा. तो सावित्री, वाशिष्ठी किंवा वाघोटनच्या पावसाळी पाण्याला जशाच्या तसा लावता येत नाही. म्हणून तिथे लाल गळ चालेल, असा निष्कर्ष काढण्याआधी थांबा. त्या पाण्यात माशाला पलीकडचं काही दिसतच नाही. गाळाचे कण प्रकाश विखरून टाकतात आणि वीतभर अंतरावरची वस्तूही धूसर होते.

हे मोजायला उपकरण लागत नाही. 1865 साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजायची पद्धत घालून दिली आणि समुद्रशास्त्रात ती आजही वापरतात. आपल्याला डब्याचं पांढरं झाकण पुरे. त्याला भोक पाडा, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बांधा, खाली शिसं लावा आणि जेट्टीच्या सावलीच्या बाजूने हळूहळू सोडा. झाकण हातभराच्या आत गायब झालं तर त्या दिवशी गळाच्या रंगावर एक मिनिटही घालवू नका. त्या पाण्यात मासा वासावर आणि अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणाऱ्या हालचालीवर येतो. शिंगाळा तर मिशांनीच चव घेत फिरतो. झाकण दीड-दोन मीटरपर्यंत दिसत राहिलं तर मग गळाची चमक, तंगुसाची जाडी, आमिष कसं लावलंय, या गोष्टी माशाला दिसतील असं धरा.

रात्रीचं तर सोडूनच द्या. अंधारात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास बंद असतात, फक्त फिकट आणि गडद एवढंच उरतं. अंधारात चमकणारा लेप लावलेला गळ मात्र वेगळा. तो रंग नाही, दिवा आहे. खोल किंवा काळोख्या पाण्यात तो नजरेत येतो. पण त्याला बॅटरीचा उजेड पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो आणि कोळंबीच्या आत लपवून लावला तर तो चमकून काही उपयोग नाही.

हाच मुद्दा खरं तर सगळ्याच गळांना लागू आहे. कोळंबी शेपटीकडून ओवली की दांडा आत जातो. बाहेर उरतं टोक आणि फार तर अर्धा वाक. रोहू-कटल्याला कणकेच्या गोळ्यात गळ पूर्ण बुडवतात. जे दिसतच नाही त्याला कुठला रंग दिला, याला महत्त्व किती द्यायचं?

मग शेजाऱ्याला लाल गळावर तांबोशी कशी मिळाली?

मिळाली असणार, तो खोटं बोलत नाही. पण लाल गळ लावण्याआधी त्याच्या तंगुसाला काय होतं ते विचारा. बहुधा गेल्या हंगामातला ब्राँझचा गळ, डबीत खाऱ्या ओलाव्यात पडून तांबरलेला, दोन-चार वेळा खडकात अडकून टोक बोथटलेलं. तो काढून त्याने पाकिटातला कोराकरकरीत, रसायनाने धार आणलेला, बारीक तारेचा लाल गळ लावला. धार बदलली, तारेची जाडी बदलली, बहुतेक नंबरही बदलला आणि सोबत रंगही बदलला. लक्षात राहिला तो रंग, कारण तोच डोळ्याला दिसतो.

रंगीत गळाने मासे वाढले अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा मला अशाच वाटतात. खरी तुलना करायची तर त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा, त्याच नंबरचा, त्याच दिवशी फोडलेल्या पाकिटातला साधा गळ शेजारी हवा. असं कोणी करत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. काही स्वस्त रंगीत गळांना रंगाचा थर इतका जाड असतो की टोक आणि उलटा काटा दोन्ही त्यात बुजतात. ब्राँझचा साधा गळ सरळ आत शिरेल तिथे असा रंगवलेला गळ तांबोशीच्या टणक ओठावरून घसरतो. तेव्हा 'त्याच पाकिटातला गळ मी लावला' हे वाक्य खरं असेल, तरी पाकिटातला प्रत्येक गळ सारखा असतोच असं नाही. प्रत्येकाचं टोक तपासा. अंगठ्याच्या नखावर टोक तिरकं टेकवून अलगद ओढा. रुतलं तर ठीक. नखावरून सरकलं तर बारीक कानशीने किंवा हिऱ्याच्या पट्टीने दोन-तीन हलके हात द्या आणि पुन्हा बघा. तरीही सरकत असेल तर तो गळ बाजूला ठेवा, मासा लागण्याची वाट त्याच्यावर बघू नका.

आमिष जातं, मासा राहत नाही

सगळ्यात जास्त तक्रारी या जातीच्या असतात आणि इथे गळाचा आकार पहिला संशयित. नंबरांची पद्धत नवख्याला गोंधळात पाडते. साधे नंबर वाढत जातात तसा गळ लहान होतो, म्हणजे 10 नंबरचा 4 नंबरपेक्षा बारीक. पण पुढे शून्य लागला की उलट: 1/0 पेक्षा 3/0 मोठा, 5/0 त्याहून मोठा. शिवाय हे नंबर सगळ्या कंपन्यांत जुळत नाहीत. एकाचा 2 नंबर दुसऱ्याच्या 1/0 शेजारी ठेवला तर फरक सापडत नाही. तेव्हा नंबर लक्षात ठेवा, पण विकत घेताना गळ डोळ्यांनी बघून घ्या.

मुडदुशीचं तोंड बारीक आणि पुढे आलेलं असतं. तिला 6 ते 10 नंबरचा लांब दांड्याचा बारीक गळ लागतो. तिच्यापुढे तांबोशीसाठीचा 2/0 टाकलात तर ती कोळंबीचे तुकडे टोचून नेईल, गळ तोंडात जाणारच नाही. तुम्हाला तंगुसावर टुकटुक जाणवत राहील आणि वर काढाल तेव्हा रिकामा. अशा वेळी रंग बदलू नका, गळ दोन नंबर बारीक करा. उलट तांबोशीसाठी 1/0 ते 3/0, जिताड्यासाठी त्याहूनही मोठा आणि जाड तारेचा गळ लागतो, बारीक गळ तो सरळ करून टाकेल.

आकार बरोबर असूनही आमिष जात असेल तर चोर शोधा. कोळंबीच्या चिंध्या झाल्या असतील आणि तंगूस सावकाश बाजूला सरकत असेल तर चिंबोरी आहे. शिसाच्या वर हातभर उंचीवर गळ बांधा, म्हणजे आमिष तळ सोडून तरंगेल. आमिष वाटोळं कातरल्यासारखं कापलं गेलं असेल, कधी गळासकट तंगूसही साफ तुटलं असेल, तर केंड (फुगणारा मासा) असण्याची शक्यता मोठी. त्याचे दात पक्ष्याच्या चोचीसारखे जुळलेले असतात. केंडाच्या थव्यावर उपाय एकच, जागा बदलणं. हट्टाने बसाल तर पाकिटातले लाल गळ संपतील.

आमिष मऊ पडलेलं असेल तर नुसता चाखणारा मासासुद्धा ते उडवून नेतो. बर्फातून काढून उन्हात ठेवलेली कोळंबी तासाभरात लिबलिबीत होते. ती ओल्या फडक्यात, सावलीत ठेवा. बांगड्याचा तुकडा असेल तर कातडीकडून ओवा, मांसातून ओवलेला टिकत नाही. सैल आमिषाला शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे दिले तरी पुष्कळ वेळ निभावतं. आणि टोक बाहेर राहू द्या. गळ लपवायच्या नादात टोक कोळंबीच्या कवचात गाडलं जातं, मग हिसडा दिला की ते कवचातच रुतलेलं राहतं.

लागतो, पण वाटेत सुटतो

इथे टोक पहिलं, त्याबद्दल वर सांगितलंच. दुसरं, गळाची जात ओळखा. नेहमीच्या गळाला मासा ओढू लागला की हिसडा द्यावा लागतो. गोलाकार गळ, ज्याचं टोक आत दांड्याकडे वळलेलं असतं, तो हिसड्याने तोंडातून निसटतो. त्याला फक्त तंगूस ताणून धरायचं आणि सावकाश गुंडाळत जायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रंगीत गळांमध्ये अशा गोल गळांचीही पाकिटं असतात. घेणारा रंग बघून घेतो आणि जुन्या सवयीने हिसडा देतो. दोष पुन्हा रंगावर.

तंगूस तुटून गळ गेला असेल तर उरलेलं टोक नीट बघा, ते बरंच काही सांगतं. टोक पिळासारखं कुरळं झालं असेल तर गाठ सुटली. गाठ ओढण्याआधी ती थुंकीने ओली केली होती का? कोरडी गाठ ओढताना तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. टोक खरबरीत, ठिकठिकाणी ओरखडलेलं असेल तर खडक किंवा कालवं. गळापासूनचं हातभर तंगूस बोटांतून फिरवून पाहा, खरखर लागली की तेवढं कापून पुन्हा बांधा. टोक साफ कापलेलं असेल तर दात. तंगूस नुसतं ओढलं तरी ठिसूळपणे तुटत असेल तर ते उन्हाने गेलेलं आहे. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हाळाभर पडलेलं रीळ बाहेरून नवंच दिसतं.

रंगीत गळाचा एक खास दोष इथेच सांगायला हवा. रंगाचा गोळा नेढ्यात साचलेला असतो. त्याची कड कडक आणि धारदार होते, गाठ तिथेच घासून कापली जाते. बांधण्याआधी सुईने नेढं मोकळं करा.

चाखायलाही कोणी येत नाही

गळ बदलायच्या आधी पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, दक्षिणेकडे ते कमी होत जातं, मालवणला साधारण निम्म्यावर येतं. उधाणाला ओढ जोरात, पाणी गढूळ, शिसं जागेवर राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी निवळ आणि संथ. निवळ पाण्यात बारीक तंगूस, लहान गळ आणि शांतपणा लागतो. गढूळ पाण्यात ताजं, वास सुटणारं आमिष. भरती किंवा ओहोटी पूर्ण थांबली की बहुतेक वेळा चाखणंही थांबतं आणि पाणी पुन्हा हललं की सुरू होतं. त्या थांबलेल्या अर्ध्या-पाऊण तासात लोक लाल काढून हिरवा लावतात. मग पाणी हलतं, मासा लागतो, आणि हिरव्याची कीर्ती पसरते.

बाकी जागेचं ज्याचं त्याला माहीत. तांबोशी खडकाच्या कपारी आणि कांदळाची मुळं सोडून लांब जात नाही. जिताडा खारबंदिस्तीच्या उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी, जिथून ओहोटीला बारीक मासे वाहून येतात, तिथे टपून असतो. त्या जागेपासून वीस हात लांब पडलेला गळ कुठल्याही रंगाचा असला तरी लांबच.

रंगाने फरक पडतो तो कुठे

बांगड्यासाठी पिसांची माळ सोडतात तिथे. एका तंगुसावर पाच-सहा बारीक गळ, प्रत्येकाला पिसं, चमकदार चंदेरी पट्टी किंवा माशाच्या कातडीचा तुकडा, एखादा चमकता मणी. इथे खाण्यासारखं काहीच नसतं, दिसणं हेच आमिष. गळाचा दांडा सोनेरी असला की तोही चमकीचा भाग होतो. बांगडा वरच्या, उजेडाच्या पाण्यात थव्याने आणि डोळ्याने शिकार करतो, त्यामुळे इथे रंग, चमक आणि हालचाल यांचा प्रयोग करण्यात अर्थ आहे. ढगाळ दिवशी वेगळं, उन्हात वेगळं, हे माळ वापरणारे सांगतात ते मला पटतं.

लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बनावट माशाला लागणारे तिकाटी गळ हे दुसरं ठिकाण. ते उघडेच लोंबतात. पोटाकडचा तिकाटी लाल केला तर कल्ल्यांतली लाली वाटते, असा तर्क आहे. उथळ आणि निवळ पाण्यात तो अगदीच टाकाऊ नाही. तरी तिकाटी बदलताना वजन बदललं तर बनावट मासा पाण्यात तिरका चालतो, आणि त्याने होणारं नुकसान लालीच्या फायद्याहून मोठं. त्याच वजनाचाच घ्या.

तिसरं, भांगाच्या निवळ पाण्यात उथळ वाळूवर मुडदुशी. आमिषाचा तुकडा छोटा, दांडा लांब, अर्धा बाहेर. इथे मी चकचकीत निकेलपेक्षा मंद ब्राँझ किंवा काळा पसंत करतो. पण बारीक तंगूस लावल्याने जो फरक पडतो त्याच्या तुलनेत हा फरक किरकोळच.

आमिषच रंगवण्याचा मोठा प्रयोग हवाईच्या लांब दोरीच्या मासेमारीत झाला आहे. तिथे आमिषाचे मासे निळ्या रंगात बुडवून लावत. हेतू जास्त मासे पकडण्याचा नव्हता. वरून झेप घालून गळाला लागणाऱ्या अल्बट्रॉससारख्या समुद्री पक्ष्यांना निळ्या पाण्यावर निळं आमिष दिसू नये, म्हणून.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर

एकाच तंगुसावर दोन फांद्या काढा, एक वर, एक खाली. एकाच बनावटीचे, एकाच नंबरचे गळ, एक रंगीत, एक साधा, आमिष एकाच आकाराचं. अर्ध्या तासाने वरचा खाली, खालचा वर. ही अदलाबदल केली नाही तर तुम्ही रंग नाही, खोली तपासताय. मासा कुठल्या गळावर आला ते तिथल्या तिथे लिहा. घरी जाऊन आठवलं तर लाल गळावरचेच मासे जास्त आठवतात.

आणि घाई करू नका. दहा माशांत सात लालवर, तीन साध्यावर आले की लोक निकाल जाहीर करतात. पण रंगाने काहीच फरक पडत नसेल, तरीही सात-तीन किंवा त्याहून एकतर्फी विभागणी निव्वळ नशिबाने तीनपैकी एकदा तरी येते. दहा वेळा नाणं उडवून बघा, कळेल. तीस माशांत वीस-दहा असा निकालही नुसत्या योगायोगाने दहापैकी एकदा दिसतो. साठ माशांत चाळीस-वीस झाले तर मग मात्र माझे कान टवकारतील. एका जागी, एका जातीचे साठ मासे मोजायला कित्येक हंगाम जातील, ही अडचण आहेच. चार-पाच जणांनी मिळून एकच वही ठेवली तर जमण्यासारखं आहे.

नेलपॉलिश, गंज आणि घेऊन ठेवलेलं पाकीट

घरी नेलपॉलिश लावून गळ रंगवण्याबद्दल नेहमी विचारणा होते. पिसाच्या माळेसाठी किंवा तिकाटीसाठी लावायचं असेल तर फक्त दांड्याला लावा, टोक, काटा आणि नेढं कोरडं ठेवा, आणि वास जाईपर्यंत वाळू द्या. आमिषाच्या गळाला लावण्यात काही मिळत नाही. खाऱ्या पाण्यात आणि खडकावर आपटून ते दोन-तीन फेऱ्यांत सोलतं.

दुकानातला रंगही सोलतो, आणि त्या फटीतून खारं पाणी आत शिरून थराखाली गंज धरतो. तो वरून दिसत नाही. दांडा चिमटीत धरून थोडा वाकवून बघा. रंगाला तडा जाऊन तांबडी भुकटी निघाली तर गळ मेला. खाडी-समुद्राला साध्या ब्राँझपेक्षा कथलाचा किंवा चांगल्या निकेलचा मुलामा असलेला गळ जास्त टिकतो, आणि पैसे जास्त मोजायचेच असतील तर ते धारेसाठी आणि मुलाम्यासाठी मोजा.

लाल गळांचं पाकीट आधीच घेतलं असेल तर फेकू नका. नखावर टोक लावून गळ निवडा, सुईने नेढी साफ करा, नंबर ज्या माशाला जुळतो त्यालाच वापरा. लाल रंगाने मासा पळाला, असंही काही नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मात्र वापरलेला गळ गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, वेगळ्या डबीत ठेवा. ओला तसाच पाकिटात टाकला तर पुढच्या अमावास्येपर्यंत पाकिटातले सगळे कोरे गळ तांबरलेले सापडतील.